देवाचे नाव कोणत्या रकान्यात?

देव हा मालक म्हणून फार सोयीचा. भाडे मागत नाही, घर तपासायला येत नाही, बांध कोरला तर मोजणी आणत नाही. ‘सगळे त्याचेच, आपण नुसते सांभाळणारे’ हे ख्रिस्ती घरांत जेवणाआधीच्या प्रार्थनेत येते. नव्या फ्लॅटला आशीर्वाद द्यायला आलेले फादर किंवा पाळकसाहेब तेच सांगतात. दारावर ‘प्रभुकृपा’ची पाटी लागते. खरेदीखताच्या इंडेक्स टूवर मात्र आपले नाव असते, आणि त्यात एखादी वेलांटी चुकली तर आपण त्याच दिवशी वकील गाठतो.

याला मी ढोंग म्हणणार नाही. म्हणणाऱ्याचा भाव बहुतेक वेळा खरा असतो. घोडे अडते ते पुढच्या पायरीला. मालक देव आणि कारभारी मी, असे एकदा ठरले की हिशेब कोणाला द्यायचा? देवाला. कधी? मेल्यावर. मधल्या साठ-सत्तर वर्षांत शेजाऱ्याला विचारायचा हक्क नाही, गावाला नाही, घरातल्या बायकोलाही नाही, आणि ज्याच्या अंगमेहनतीवर बाग उभी राहिली त्या गड्याला तर मुळीच नाही. देवाची मालकी अशा रीतीने मानली की माझी मालकी ढिली पडत नाही, उलट पक्की होते. कोणी बोट दाखवलेच तर मी देवाकडे बोट दाखवून मोकळा. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: हिशेब मागणारे माणूस समोर उभे असेल तरच देवाच्या मालकीला अर्थ येतो. हे काही आजकालचे डावे खूळ नव्हे. बायबलातले जुने कायदे याच पायावर रचलेले आहेत.

देवाचे नाव खरोखरच कागदावर चढवायचा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे, तो आधी पाहू. हिंदू कायद्यात मंदिरातला देव ही कायदेशीर व्यक्ती आहे. त्याच्या नावे जमीन असते, तो दावा लावू शकतो. 6 सप्टेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की मंदिराच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी केवळ व्यवस्था पाहणारा, तेव्हा मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव येता कामा नये. वाचायला फार सुरेख. ख्रिस्ती धर्मोपदेशक जे रविवारी सांगतात ते न्यायालयाने महसुली भाषेत लिहिले म्हणा ना. पण महाराष्ट्रातल्या देवस्थान इनाम जमिनींचे काय झाले हे गावोगाव लोकांना ठाऊक आहे. सरकारी परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत, तरी कित्येक हातोहात गेल्या. कारण कायद्यापुढे देव अज्ञान पाल्यासारखा. त्याच्या वतीने कोणी उभे राहिले तर त्याचे हक्क, नाहीतर मालकाच्या रकान्यात तो नुसता बसून असतो. चर्चच्या मिळकती देवाच्या नावे नसतात, ट्रस्टच्या नावे असतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे त्या विकायला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. मिशनच्या जुन्या बंगल्यांभोवती आणि मैदानांभोवती वर्षानुवर्षे चाललेले खटले पाहिले की तिथेही रकान्यातल्या नावाने फारसे काही अडलेले नाही हे कळते.

आता बायबलकडे. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे राहायला आलेले उपरे. प्रवचनात हे वचन बहुधा इथेच सोडून देतात आणि नम्रतेवर चार शब्द बोलतात. खरी गंमत त्याच्या मागच्यापुढच्या ओळींत आहे, कारण तिथे खरेदीखताचा मसुदा आहे. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेलाच्या वर्षी, जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून विकताना किंमत ठरवायची ती पुढच्या योबेलापर्यंत किती पिके निघतील त्यावरून. चाळीस वर्षे उरली असतील तर भाव चढा, चारच उरली असतील तर कमी. विकणारा जमीन विकतच नाही, तेवढी पिके विकतो. मधल्या काळात त्याच्या हाती पैसा आला, किंवा जवळचा कोणी भाऊबंद पुढे सरसावला, तर राहिलेल्या वर्षांच्या हिशेबाने जमीन सोडवून घ्यायचा हक्क आहे आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आपल्याकडच्या मुदतखरेदीशी हे पुष्कळ जुळते. तटबंदीच्या शहरातले घर विकले तर सोडवायला एकच वर्ष, त्यानंतर ते कायमचे गेले. तट नसलेल्या खेड्यातले घर मात्र शेतासारखे धरायचे. इतका बारकावा. मालक देव आहे हे तत्त्व इथे मुदती आणि भावांच्या भाषेत उतरले आहे, आणि ज्याची जमीन गेली तो गरीब माणूस तारीख पाहून दारात येऊ शकतो.

योबेल प्रत्यक्षात कधी पाळला गेला याचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही, हे खरे. यशया संदेष्टा घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर तुटून पडतो, त्यावरून तो पाळला जात नसावा असाच अंदाज होतो. तरी कायद्याचा रोख लपत नाही. कापणीच्या नियमातही तोच रोख आहे. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, सांडलेली कणसे उचलायची नाहीत. सरवा गरिबाचा आणि परक्याचा. इथे शेतमालक कोणाला काही देत नाही, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. तो आवडत्या गरिबाची निवड करत नाही, त्याच्याबरोबर फोटो काढत नाही, त्याने आभार मानावे अशी वाट पाहत नाही. रूथ ही मवाबातली परकी विधवा बवाजाच्या शेतात शिरते आणि वेचते. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, सरवा नसतो.

यापुढे आजच्या चर्चमधला दशमांश ठेवून पाहा. मिळकतीचा दहावा भाग देवाचा म्हटले की नऊ भाग आपोआप आपले होतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी काही विचारायचे नाही असा समज दृढ होतो. काही मंडळ्यांत तर दहावा भाग दिला की देव दसपटीने परत करतो असे सांगतात. ती गुंतवणूक झाली, तिच्यात कारभारीपण कुठले? अठराव्या शतकातल्या जॉन वेस्ली यांना हे नऊ भाग झोप येऊ देत नसत. मेथडिस्ट चळवळीचे हे संस्थापक पैशावर स्वच्छ बोलत: होईल तितके मिळवा, होईल तितके वाचवा, आणि होईल तितके देऊन टाका. त्यांच्या एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा जमाखर्च येतो. तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे सगळे मानतात. पहिल्या वर्षी मिळकत 30 पौंड, खर्च 28, उरलेले 2 दिले. पुढच्या वर्षी मिळकत 60 झाली, खर्च 28च. मग 90, मग 120. खर्च 28वरून हलला नाही आणि चौथ्या वर्षी 92 पौंड वाटले गेले. पगार वाढला की आपला पहिला विचार गाडीचा असतो, त्यांचा पहिला विचार वाटपाचा. 1776 साली सरकारने चांदीच्या भांड्यांवरच्या करासाठी विचारणा केली, तेव्हा त्यांनी कळवले की लंडनला चांदीचे दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन, आणि भोवतीच्या इतक्या लोकांना भाकर मिळत नसताना मी आणखी घेणार नाही. स्वतःचे मूल नसल्याने हे त्यांना थोडे सोपे गेले असेल, पण त्याने हिशेबाची लखलख कमी होत नाही. शिवाय आपल्या शिकवणुकीतली खोच त्यांनीच ओळखली होती: धर्माने माणसे कष्टाळू आणि काटकसरी होतात, त्यामुळे श्रीमंत होतात, आणि श्रीमंत झाली की धर्म आटतो.

वेस्लींच्या सूत्राचा पहिला भाग उचलून अमेरिकेत एक मोठा माणूस निघाला. जॉन डी. रॉकफेलर बाप्टिस्ट, निर्व्यसनी, कारकुनी करत होता तेव्हापासून चर्चला देणारा. सोळाव्या वर्षी सुरू केलेल्या वहीत तो दिलेल्या प्रत्येक सेंटची नोंद ठेवी. आपली संपत्ती देवाने दिली आहे असे तो उघड सांगे, आणि देणगी म्हणून त्याने जे दिले ते अफाट होते, यात शंका नाही. आता दुसरी बाजू. त्याच्या घराण्याच्या ताब्यातल्या कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न कंपनीचे कोळसा कामगार संपावर गेले, कंपनीच्या घरांतून निघाले आणि लडलोला तंबू ठोकून राहिले. 20 एप्रिल 1914 रोजी त्या वस्तीवर गोळीबार झाला, तंबू पेटवले गेले. एका तंबूखालच्या खड्ड्यात जीव वाचवायला उतरलेल्या दोन बायका आणि अकरा मुले गुदमरून मेली. दानाची वही चोख होती. मिळकतीची वही मात्र देवाला दाखवायची नसते असा त्या काळच्या धनवंतांचा समज दिसतो, आणि कारभारीपणाची आपली बहुतेक प्रवचनेही खर्चाच्याच बाजूवर बोलतात. उद्योगपती अॅन्ड्र्यू कार्नेगीने 1889 साली श्रीमंत माणूस हा गरिबांचा विश्वस्त असतो असे लिहिले. ज्यांचा तो विश्वस्त, त्यांना त्याला काढून टाकता येत नव्हते. असा विश्वस्त आणि मालक यांत फरक काय?

इथपर्यंत श्रीमंतांवर बोट ठेवणे सोपे होते. ज्यांनी खरोखरच सगळे देवाचे मानले आणि उधळून दिले त्यांच्याबद्दलही एक अडचणीचा प्रश्न आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्याआधीही पैसा त्यांच्या हातात कधी टिकला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपण हे वाचतो आणि हसतो, कारण त्या हसत हसत लिहितात. पण त्या हशाच्या मागे उद्याच्या दाण्यांची काळजी आहे, आणि ती काळजी टिळकांनी देवावर टाकली असली तरी पदरात पडली लक्ष्मीबाईंच्या. गांधीजींचेही तसेच. गीतेतला अपरिग्रह त्यांना उमगला तो इंग्रजी कायद्यातल्या विश्वस्ताच्या कल्पनेच्या उजेडात, असे आत्मचरित्रात ते स्वतः सांगतात. तो उमगताच त्यांनी दहा हजारांचा विमा बंद पडू दिला. बायकोमुलांना देणारा देव आहे. थोरल्या भावाला, ज्यांनी त्यांना विलायतेला पाठवले होते, कळवले की यापुढे माझी शिल्लक तुमच्याकडे येणार नाही. भाऊ रागावले. मला भावाचा राग समजतो. कस्तुरबांना कोणी विचारले होते? कारभारी म्हणवणाऱ्याने घरच्यांना न विचारता केलेला त्याग हाही मालकीहक्काचाच वापर आहे, नेहमीपेक्षा अधिक कडक.

उलट दिशेचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि ते साधे नाही. 1889 साली त्यांनी शारदासदन काढले ते बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या पैशावर. त्या मंडळाने दहा वर्षांचे वचन दिले होते आणि अट घातली होती की शाळेत धर्मप्रसार नको. 1893 साली मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठले आणि सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. कोणाची बाजू घ्यायची हा प्रश्न बाजूला ठेवू. माझे मन दोन्हीकडे ओढते. पण विचारणारे होते, आणि त्यांनी विचारले. पुढे केडगावला मुक्तिसदन उभे राहिले तेव्हा रमाबाई ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या वाटेने गेल्या. माणसाकडे हात पसरायचा नाही, देवाकडे मागायचे, ही म्युलरांची रीत. तिची थोरवी सगळे गातात. म्युलर दरवर्षी अनाथालयाचा जमाखर्च छापून वाटत, शिलिंग-पेन्ससकट, ही दुसरी अर्धी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. देवाकडूनच आले आहे ना, मग लोकांना कशाला दाखवायचे, असे ते म्हणाले नाहीत.

पौलानेही असे म्हटले नव्हते. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याने ग्रीक शहरांतल्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, तेव्हा पैसे पोचवायला मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस बरोबर घेतला. करिंथच्या लोकांना त्याने कारणही कळवले: एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी आमच्यावर ठपका ठेवू नये, व्यवहार प्रभूपुढे चोख असावा तसा माणसांपुढेही. पौलापेक्षा आपण अधिक विश्वासू आहोत असे मानणाऱ्या ट्रस्टींची संख्या महाराष्ट्रात कमी नाही. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याच्या गोष्टीतही पेत्र सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. काही भाग ठेवला म्हणून ती दोघे मेली नाहीत. काही भाग देऊन सगळे दिले असे भासवले म्हणून मेली. ती हिशेबाची गोष्ट आहे.

हे सारे वसईत आणून पाहिले की त्याला माती चिकटते. वसईच्या वाड्यांत केळी, पानवेल, सोनचाफा, भाजीपाला; राजेळी केळ्यांची सुकेळी. या वाड्यांना जगवणारी विहीर, आणि विहिरीला जगवणारे बावखल. घराच्या जोत्याला माती हवी म्हणून खणलेले हे गोड्या पाण्याचे तळे पावसाचे पाणी धरी आणि आजूबाजूच्या विहिरींत मुरवी. 1980च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ‘सुवार्ता’ मासिकाच्या संपादकाने, एका धर्मगुरूने, बिल्डर आणि गुंड यांच्या विरुद्ध लोकांना रस्त्यावर आणले. हे धाडस मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात मोठे आहे. 2024 साली ते गेले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाबद्दल भरभरून लिहिले, या लढ्याबद्दल त्या मानाने थोडके.

पण वाड्या केवळ दांडगाईने गेल्या नाहीत. पुष्कळ वाड्या विकल्या गेल्या, आणि विकणारी कुटुंबे दर रविवारी मिस्साला बसणारी होती. त्यांना दोष देण्याआधी त्यांची बाजू ऐकायला हवी. मुलगा बँकेत, सून शाळेत, वाडीत गडी मिळत नाही, केळ्यांना भाव नाही, आणि समोरून कोटीचा आकडा. बायबलातल्या अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याच्या बदल्यात त्याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. नाबोथाने वाडवडिलांचे वतन म्हणून नाही म्हटले आणि त्याला दगडांनी ठेचून मारले गेले. सगळ्यांनी नाबोथ व्हावे अशी अपेक्षा करणारा माणूस स्वतः बहुधा दादरला राहतो.

मला खटकते ते दुसरेच. विक्रीच्या आधी कोणालाच विचारले गेले नाही. एका वाडीतले बावखल डबर टाकून बुजवले की तीन शेजाऱ्यांच्या विहिरी खाली जातात. एका विहिरीवर पंप बसवून टँकर भरले, नव्या इमारतींना पाणी विकले, की उपशाने खारे पाणी आत सरकते आणि पलीकडच्या पानवेली करपतात. विहीर माझी, कागदोपत्री कबूल. विहिरीखालचे पाणी कोणाचे? ‘सारे देवाचे’ म्हणणाऱ्या समाजाला या प्रश्नाचे उत्तर पाठ असायला हवे होते. आणि वाडीत पिढ्यानपिढ्या शिंपणे-खुरपणे केलेली आदिवासी कुटुंबे? त्यांना विक्रीच्या दिवशी काय मिळाले? मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांत ऑक्टोबरात आगेरा होतो, भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो. भात तिथे पिकत नाही, कणसे बाहेरून आणावी लागतात. आशीर्वाद द्यायला काही हरकत नाही. शेते कुठे गेली हेही त्याच दिवशी, त्याच अंगणात विचारायला हवे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी जानेवारी 1979मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे सांगितले की प्रत्येक खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. सातबारा पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. मालकाच्या रकान्यात आपले नाव राहू द्या, तिथे देवाला बसवून काही साधत नाही हे देवस्थानांच्या जमिनींनी दाखवलेच आहे. देवाचे नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात हवे, बोजा म्हणून, आणि त्या बोजाचे धनको म्हणून माणसे: शेजारची विहीर, वाडीतला गडी, न विचारता त्यागात ओढलेली बायको, खाणीतला कामगार. तलाठी ही नोंद घेणार नाही. ती घ्यायची तर धर्मग्रामाच्या सभेत, विक्रीचा इसार घेण्याआधी, ज्यांचे पाणी तुटणार आहे आणि ज्यांचे काम जाणार आहे त्यांना बोलावून, आणि विकणाऱ्याने आकडा सांगून. याने सौदे मोडतील, काही घरांत अबोला येईल, आणि देणगीचा ओघ आटेल या भीतीने धर्मगुरूही सभा पुढे ढकलतील. सुरुवात चर्चनेच आपल्या ट्रस्टच्या जमाखर्चापासून करावी, कारण तो जमाखर्च मांडायला कोणाचीही परवानगी लागत नाही.